ओमेगाचे पेढे

अहमदपूर, गुरुवार

प्रिय गुरुलिंगअप्पा,

शरणु शरणार्थी, आणि माझा जयभीम. तुमची शुगर, वहिनींचे गुडघे आणि औशाचं दुकान ठीक असेल असं गृहीत धरतो. कारण आपण दोघेही आता ओमेगाचे बाप आहोत आणि तूर्त त्याहून मोठं दुखणं नाही.

तुमच्या मंजुषाला आणि माझ्या प्रियदर्शनीला लातूरच्या क्लासमध्ये 'ओमेगा' बॅच मिळाली, तेव्हा मी गल्लीभर पेढे वाटले. (तुम्हालाही पाठवले होते, पोच अजून नाही.) माझं वाचन दांडगं, त्यामुळे चूकही दांडगीच होते. ओमेगा नावाचं महागडं घड्याळ असतं, डॉक्टर हृदयासाठी ओमेगाच्या गोळ्या देतात, म्हणजे वस्तू उंचीच असणार, असा सिद्धान्त मी मांडला आणि रविवारी विहारातल्या भाषणात पंधरा मिनिटं फुलवला. काल लातूरला गेलो. बॅच खरंच उंचावर निघाली: गच्चीवर, पत्र्याखाली! तळमजल्यावर अल्फा, तिथं एसी आणि फिजिक्सचे मोठे सर. त्यावर बीटा (तिला सगळे 'बेटा' म्हणतात, लाडकी असावी), मग गॅमा. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "काका, अल्फा पहिलं अक्षर हाय, ओमेगा शेवटचं. त्याच्या म्होरं अक्षरच न्हाई." मी म्हटलं, "बाई, मग मधली वीस अक्षरं कुठं गेली?" "मजले संपले, काका."

ग्रीकांनी अक्षरं एका ओळीत बसवली होती. त्यांना मजल्यांवर चढवायची विद्या आपल्याच देशाची, आणि फार जुनी. पोरीला 'ढ' म्हटलं तर बाप भांडायला येतो. ग्रीकमध्ये म्हटलं तर पेढे वाटतो.

प्रियदर्शनी रडली नाही. वहीत Ω काढून म्हणाली, "पप्पा, हे ओहमचं, रोध मोजायचं चिन्ह हाय. रोध म्हंजे करंटला अडवतंय ते. मोठे सर एकदा जरी वर आले न्हवं, तर मला समदं कळंल."

तेव्हा सोमवारी सकाळी दहाला लातूरला या. संचालकांच्या केबिनमध्ये बसायचं. मोठे सर आठवड्यातून तीन दिवस गच्चीवर शिकवतील, असं लेखी मिळेपर्यंत उठायचं नाही.

तुमचा,
साहेबराव

ता. क. मी औशाला मुख्याध्यापक असताना शाळेत 'ड' तुकडी मीच काढली होती, हे तिथं बोलू नका.

आणखी ता. क. तुमचा वीरेश त्याच तुकडीत होता. तुम्ही तावातावानं आलात, मी तुम्हाला चहा पाजला आणि तुम्ही हात जोडून परत गेलात. सोमवारी तेही चहा मागवतील. पिऊ नका.