ढेप्याचं निव्वळ वजन

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

काट्याचा वार! ढेप्या टोपलीसकट १२९० ग्रॅम. रिकामी टोपली ३१०. निव्वळ ९८०. चिपाड टोपलीसकट ११३०, निव्वळ ८२०. उघडं ठेवलं की दोघंही ताटलीतून उड्या मारतात, म्हणून टोपली.

रात्री सत्यशीलाला आकडे सांगितले तर ती हैदराबादहून खिदळायला लागली. "बाबा, गिनीपिग आहेत ते, उसाच्या ट्रॉल्या नाहीत!" पोरीला तिकडं नोकरी लागली, होस्टेलवर जनावर चालत नाही, म्हणून जूनपासून ही जोडी आमच्याकडं. नावं माझी. जाडजूड तो ढेप्या, गुळाच्या ढेपेसारखा. काटकुळा तो चिपाड. तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलो, टनांत मोजलं. आता ग्रॅमांत मोजतो. काम तेच!

१२ नोव्हेंबर

शेजारच्या बायनाबाई कुंपणावरून विचारतात, "हे उंदीर कावून पाळलेत म्हणावं?"

मंजुळा म्हणाली, "आमच्या ह्यांना तोलायला काहीतरी लागतंय. न्हाईतर मलाच बसवतेत काट्यावर."

१६ नोव्हेंबर, रविवार

ढेप्या ९७०. चिपाड ८२०. दहा ग्रॅमची काय ती बात!

१९ नोव्हेंबर

थंडी पडली. कालव्याकडून असलं गार वारं येतंय की बोटं वाकत नाहीत. मंजुळानं जुन्या लुगड्याची एवढीशी गोधडी शिवून टोपलीत घातली. तिच्यावर दोघं असे पसरले, जणू गावचे पाटीलच. माझी गोधडी फाटून दोन वर्षं झाली, ती मात्र तशीच.

२३ नोव्हेंबर, रविवार

ढेप्या टोपलीसकट १२८५, निव्वळ ९७५. चिपाड १२२०, निव्वळ ९१०! एका आठवड्यात नव्वद ग्रॅम वाढला पठ्ठ्या. सगळी कमाल गाजराची.

३० नोव्हेंबर, रविवार

ढेप्या ९४०. जरा उतरलाय. थंडीनं माणसंसुद्धा उतरतात. चिपाड ९१०.

मंजुळानं ढेप्याला उचललं नि म्हणाली, "हलका लागतोय हाताला."

म्हणालो, "पस्तीस ग्रॅम. वहीत लिहिलंय."

"पस्तीस न्हाई. लई हलका लागतोय."

"अगं, हात खोटं बोलतो. काटा खोटं बोलत न्हाई."

हे वाक्य मी तीस वर्षांत किती जणांना ऐकवलं असेल त्याला गणती नाही. तिनं तोंड वाकडं केलं नि भाकरी थापायला गेली.

४ डिसेंबर

ढेप्या अंग आखडून बसतो. मंजुळानं गोधडीला खालून अजून एक घडी लावली, जुन्या शालीची.

७ डिसेंबर, रविवार

भरला! परत भरला! टोपलीसकट १२८८, निव्वळ ९७८. आणि चिपाड ९८५. चिपाडानं ढेपेला मागं टाकलं! अशी उसाची जात निघाली असती तर कारखान्यानं माझा सत्कार केला असता. मंजुळाला वही दाखवली. ती म्हणाली, "बरं." त्या "बरं" मध्ये काही बरं नव्हतं.

१० डिसेंबर

ढेप्याचे चोचले वाढलेत. गाजर दाखवलं की पळत येतो, हुंगतो, एकदा तोंड लावतो नि मागं फिरतो. कोथिंबीर धरतो, टाकतो. गवताकडं बघतही नाही. हनुवटीखालचे केस सारखे ओले. पाण्याच्या भांड्यात तोंड घालून बसत असणार, लबाड. मग दुधात बाजरीची भाकरी कुस्करून दिली, लहान लेकराला देतात तशी. ती चाटली बिचाऱ्यानं. मला बरं वाटलं. खाणाऱ्याला त्याच्या आवडीचं द्यावं, आपल्याकडची रीतच आहे ती.

१४ डिसेंबर, रविवार

आज काय लिहू. लिहितो तरी.

ढेप्या टोपलीसकट १२७५. निव्वळ ९६५ असं वहीत टाकलं नि पेन बंद केलं, तेवढ्यात आसाराम आला. आसाराम म्हणजे पूर्वी बैलगाडीनं कारखान्याला ऊस आणायचा तो. आता गुडघे गेले, ऊसतोडीला जात नाही, चार शेळ्या पाळतो. कालव्याच्या कडेची हिरवी हरळी कापून आणतो नि आमच्या अंगणात एक पेंढी टाकून जातो. पैसे घेत नाही. म्हणतो, "तुमच्या उंदराला मजा येतीय ती बघाया येतो."

आज त्यानं ढेप्याला उचललं नि हसू थांबलं त्याचं. बैलबाजारात बैल बघतात ना, तसं अंगठ्यानं ओठ वर केला. "साहेब, पुढचे दात बघा. लांब झालेत, वाकडे झालेत. घासत न्हाईत एकमेकावर. आन तोंडाला वास मारायला. लाळ गळायली ह्याची, पानी न्हाई ते. हे जित्राब उपाशी हाय."

मी वही पुढं केली. "उपाशी कसं? नऊशे पासष्ट भरतंय."

मंजुळानं ढेप्याला पदरात घेतलं, टोपली गोधडीसकट उचलली नि रिकामीच काट्यावर ठेवली.

४७५.

मी बघतच राहिलो. गोधडी! शालीची घडी! नोव्हेंबरात एकदा रिकामी तोलली नि तेच ३१० वजा करत बसलो. टोपली जड होत गेली, जनावर हलकं होत गेलं, नि माझी वही म्हणतेय सगळं झकास. चिपाड वाढलाच नव्हता. होता तेवढाच, ८२०. आणि ढेप्या ८००. एकशेऐंशी ग्रॅम गेला. म्हणजे माझ्याएवढ्या साठ किलोच्या माणसाचे अकरा किलो!

काट्यावरच्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात, आधी रिकामं वजन. मीच शिकवायचो. नि मीच माती खाल्ली.

मंजुळा अजून ढेप्याला पदरात घेऊन बसलीय. चार शब्द सुनावले असते तर सोपं झालं असतं.

१५ डिसेंबर

तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात. डॉक्टर भला माणूस, पण हसायलाच लागला. "काका, माझ्याकडं म्हशीचा जबडा उघडायचं हत्यार हाय. ह्याच्या तोंडात माझी करंगळीबी जायची न्हाई. परभणीला न्या. आन आजच्या आज फोन करून जा, ह्याच्याकडं वेळ कमी हाय."

१६ डिसेंबर

पहाटेची एस.टी., पाथरीला दुसरी गाडी. टोपली मंजुळाच्या मांडीवर, चिपाड शेजारी सोबतीला. कंडक्टर म्हणाला, "सशाचं तिकीट लागंल." मंजुळा म्हणाली, "ससा दाखवा, तिकीट काढते." अख्खी गाडी हसली. मीही हसलो, दोन दिवसांत पहिल्यांदा.

परभणीच्या डॉक्टरबाई तिशीच्या आतल्या. बारीक दिव्याची नळी तोंडात घालून बघितलं नि मलाही दाखवलं. खालच्या दाढा आत वाढून एकमेकींकडं आल्यात, जिभेवर कमान झालीय. जीभ त्या कमानीखाली अडकलीय. खायची इच्छा आहे, पळत येतोय, पण गिळताच येत नाही! आणि मी म्हणालो, चोचले.

"काका, ह्यांच्या दाढा जन्मभर वाढतात. राठ गवत चावून चावूनच झिजतात. काय घालत होता?"

"दूध-भाकरी," मी म्हणालो. इतका लहान आवाज माझा मीच कधी ऐकला नव्हता.

बाईंनी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं. भूल देऊन दाढा कापायच्या, घासायच्या. वजन इतकं उतरलेलं असताना भूल धोक्याची, भुलीतून उठला नाही असंही होतं. पण नाही कापल्या तर उपासानं चार-पाच दिवसांत जाईल. "महिनाभर आधी आणला असता तर..." एवढं बोलून थांबल्या.

सत्यशीलाला फोन लावला. सांगायलाच लागणार होतं. "काटा चुकला नाही बाळा. मी चुकलो." ती म्हणाली, "आईला द्या फोन." आईला दिला. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. साठी उलटलेला माणूस, डोळ्यांतून पाणी, नि शेजारी एक बोकड माझ्याकडं टकामका बघतोय.

मंजुळा आली. "करा म्हणतीय. आन तुमाला रडू नका म्हणावं म्हणतीय."

"मी कुठं रडतोय?"

"तर वो! चला."

पाऊण तास लागला. बाहेर आणला तेव्हा नुसता लोळागोळा. मंजुळानं पदरात घेतला नि सारखं एकच, "ढेपा, ए ढेपा, ऊठ राजा, गाडी चुकंल." तो उठेना. चिपाडाला जवळ आणून ठेवला. त्यानं कान हुंगला नि त्याची ती कर्कश शिट्टी मारली. तेव्हा कुठं ढेप्याच्या मिशा हलल्या! मंजुळानं डॉक्टरबाईंचा हातच धरला.

१७ डिसेंबर

दर तीन तासांनी खाऊ घालायचंय. गवताची भुकटी पाण्यात कालवून, बिनसुईच्या सिरिंजनं, गालाच्या कडेनं, थेंब थेंब. निम्मं माझ्या सदऱ्यावर. वेदनेचं औषध दोनदा. सी जीवनसत्त्वासाठी पेरूची फोड, तीही किसून.

आधी रिकामी टोपली: ४७५. निव्वळ ७८८.

१८ डिसेंबर

रिकामी ४७४. निव्वळ ७८५. उतरतोय अजून. जेवण गेलं नाही. मंजुळानं ताट पुढं सरकवलं, "तुमालाबी सिरिंज आणू का?"

१९ डिसेंबर

७८५. थांबला. उतरायचा थांबला!

२१ डिसेंबर, रविवार

७९९. सकाळी आसारामनं ताजी हरळी टाकली. एक काडी ढेप्यापुढं धरली. हुंगली. तोंडात घेतली. आणि कर्र कर्र कर्र! काडी आत जात राहिली, जशी चरकात ऊस जातो तशी, शेंड्यापर्यंत. मंजुळा स्वयंपाकघरातून पळत आली, पिठाचे हात तसेच. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी अंगणात उकिडवं बसून एका जनावराचं चावणं ऐकतोय. बायनाबाई कुंपणावरून बघतच राहिल्या. बघू देत!

सत्यशीलाला व्हिडिओ पाठवला. तिनं उत्तर पाठवलं, "बाबा, टोपली तोलली का?" माझी पोर आहे, सोडायची नाही.

२४ डिसेंबर

८१८. दूध-भाकरी बंद, गवत दिवसभर. गाजराचा एकच तुकडा. दीड महिन्यानं परभणीला दाढा दाखवायला जायचं, डॉक्टरबाई म्हणाल्या पुन्हा वाढू शकतात. जाऊ. पुन्हा पुन्हा जाऊ.

२८ डिसेंबर, रविवार

८४६! पण आज वेगळंच लिहायचंय.

आसारामनं पेंढी टाकली. मी सहज गमतीनं म्हणालो, "थांब, तोलून घेतो." तोही हसत म्हणाला, "आता आधी रिकामं तोलताव न्हवं, साहेब?" आणि गेला शेळ्यांकडं. त्याच्या मनात काही होतं की नव्हतं, देव जाणे. मी मात्र पेंढी तशीच खाली ठेवली.

२००७ चा हंगाम. बैलगाडीचं रिकामं वजन आम्ही हंगामाच्या सुरुवातीला एकदाच घ्यायचो, नंबर टाकायचो नि पुढं हंगामभर तेच वजा. जानेवारीत आसाराम काट्यावर आला. "साहेब, जुनी जड चाकं मोडली, हलकी बसवलीत. माझी रिकामी गाडी परत तोला." मागं गाड्यांची ही रांग. मी खिडकीतून म्हणालो, "पुढं हो बे. काटा खोटं बोलत न्हाई." तो दोनदा परत आला. दोन्ही वेळा हेच वाक्य. हंगाम संपेपर्यंत त्याच्या प्रत्येक खेपेला ऐंशी-नव्वद किलो ऊस कमी भरत राहिला. ऊस तेवढाच होता. गाडी हलकी झाली होती.

मग लोक बोलायला लागले. आसाराम वाटेत उसाच्या मोळ्या विकतो, पितो. त्याच्या बायकोलाही ते खरं वाटलं म्हणे. मी ऐकलं होतं. काट्यावर बसून मीही हसलो होतो. अठरा वर्षांत हे एकदासुद्धा आठवलं नाही मला. चूक माझी असेल, हे मनात यायला जागाच नव्हती.

मंजुळाला सांगितलं. तिनं गोधडीचा सुटलेला दोरा तोडला. मग म्हणाली, "आन तो आपल्या ढेप्याला गवत आणतोय."

३१ डिसेंबर

दोनदा त्याच्या घराच्या वळणापर्यंत गेलो. दोनदा परत आलो.

४ जानेवारी २०२६, रविवार

आज काटा केला नाही. सकाळीच आसारामच्या दारात गेलो. तो शेळ्यांना पाला टाकत होता. म्हणालो, "त्या साली तुझी रिकामी गाडी परत तोलायला पाहिजे होती. तू खरं बोलत होतास. चूक माझी."

त्याचे हात थांबले. माझ्याकडं बघितलं नाही. घराकडं तोंड करून ओरडला, "तारा! ए तारा! भाईर ये की! साहेब काय म्हणायलेत ते ऐक, मी मोळ्या इकल्या न्हवत्या!"

ताराबाई उंबऱ्यात आल्या, आणि अठरा वर्षांनी नवऱ्याकडं नीट बघत तिथंच खाली बसल्या.