शेवटचं कडवं शिकायचं नाही

४ नोव्हें., हायडेलबर्ग
एलेनीआजींकडे पीएचडीचं रेकॉर्डिंग. त्यांची भाषा त्साकोनियन: स्पार्टाकडच्या जुन्या डोरिक ग्रीकची एकुलती एक लेक. या गावात ती बोलणाऱ्या आजी एकट्याच. बहीण गेल्यापासून बोलायला कोणी नाही. माझं-आजींचं बोलणं जर्मनमध्येच. आज म्हणाल्या, "आल्झो, तर मग, मशीन बंद. तुला माझा विलाप शिकवते." स्वतःसाठी स्वतःच रचलाय! मेल्यावर आपल्या भाषेत कोणीतरी रडायला हवं म्हणे. मुलगा कोस्टास रडेल, पण जर्मनमध्ये.
मी हो म्हटलं. का म्हटलं?

७ नोव्हें.
आई फोनवर: "जिवंत माणसाच्या नावानं रडायचं? काहीतरी अभद्र! आधी देवापुढे दिवा लाव." लावला. स्मोक अलार्मच्या धाकानं खिडकीत. म्हणे संशोधक.

१५ नोव्हें.
तीन कडवी आली. डोंगर, बकऱ्या, बहीण. एकच उरलं. आजींचे ओठ निळसर वाटले. निघताना कोस्टास जिन्यात म्हणाला, "हार्टची झडप गेलीय. ऑपरेशन नको म्हणते. तुझं शिकून झालं की ती मोकळी."
तिथेच पायरीवर बसले.

२० नोव्हें.
चौथं कडवं ऐकताक्षणी पाठ झालं. म्हणून मुद्दाम चुकले. दुसरं विसरले, तिसरं उलटसुलट. आजी वैतागल्या, "परवा तर येत होतं!" परत पहिल्यापासून. ट्राममध्ये सगळं घडाघडा आठवत होतं.

२ डिसें.
अजून चुकतेय. आजी मला मठ्ठ समजतात. समजू देत. पण रेकॉर्डिंग नाही, कागदावर नाही. उद्या मलाच काही झालं तर...

९ डिसें.
आजी घरात पडल्या. क्रांकेनहाउस, म्हणजे हॉस्पिटल. उद्या ऑपरेशन, वयामुळे धोका मोठा. कोस्टास: "तयार झाली एकदाची! म्हणाली, त्या मुलीचं अजून कच्चं आहे, मला जगायला हवं."
म्हणजे माझ्यामुळे. वाचल्या तर माझ्यामुळे, आणि...
आजींनी हात धरला. "खरं सांग. येतं का?"
"नाही."
डोळे मिटून घेतले त्यांनी. चुकलं का माझं? फार भीती वाटतेय.

१० डिसें.
आत नेलं. कोस्टास कॉफी आणायला गेलाय. डोक्यात विलाप आपोआप सुरू झालाय, थांबतच नाही. शेवटच्या ओळीशी आले की ओठ चावते आणि परत पहिल्यापासून. दार अजून बंदच