ग्रीक बाईची ओढणी

दत्तारामकाका,

मंडळाच्या एकांकिकेचे डायरेक्टर झालात, म्हणून काय पण करणार काय? नाटक जुन्या ग्रीसमधल्या बाईचं. तिला घराबाहेर सोडत नाहीत, लग्न बाप ठरवतो, चार पुरुषांत तिचं नावसुद्धा कोण घेत नाय. आणि तिचं काम करणार कोण? मी! दाढीवाला सुशांत!

माझ्या बहिणीला, अंबिकाला, सगळे डायलॉग पाठ. तरी तुम्ही म्हणालात, "पोरींनी अंधार पडल्यावर तालमीला यायचं नाय. तिकडेपण बायकांची कामं पुरुषच करायचे. ओरिजिनल पद्धत हाय ती."

मी म्हटलं, "मग लायटी कशाला लावता? ते तर उन्हात नाटक करायचे."

"गप रे शाण्या!"

काल अंबी भांडी घासता घासता तेच डायलॉग बोलत होती, आणि रडत होती. तिथं माझी सटकली.

हे पत्र उद्या पडदा उघडेपर्यंत तुम्हाला देणार नाय, नायतर आधीच कळेल. उद्या ती ग्रीक बाई तोंडावर ओढणी घेऊन स्टेजवर येईल. ओढणी तुमचीच आयडिया, थँक्यू. तिनं ओढणी बाजूला केली की ओरडू नका. चार पुरुषांत तिचं नाव घ्या, माईकवरून.

तुमचा बिनकामाचा पुतण्या,
सुशांत