तुमच्या डबीतली गोळी

आत्याबाई,

तुम्ही पूजेला बसलात, चिमी पाळण्यात झोपलीय, तेवढ्यात लिहायलेय. काल रिपोर्ट मिळाला. टीएसएच कमी आलंय, म्हणजे थायरॉईड उलट जास्त झालंय. छातीतली धडधड, चिमी हातातून पडेल ही भीती, सगळं त्यानंच असेल म्हणाले डॉक्टर. "थायरॉईडची गोळी घेता का?" असं विचारलं, तर मी नाही म्हणाले. अशक्तपणा जावा म्हणून तुम्ही मायेनं तुमच्या डबीतली रोज एक देता, हे ह्यांच्यासमोर सांगवलं नाही. आज एकटीच पूर्णेला डॉक्टरांकडं जाऊन खरं सांगते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमची गोळीही चुकवू नका.

मी आल्यावर चिमीला माझ्या हातात द्या. नको म्हणाले तरी द्या, फक्त शेजारी बसा.

तुमची सून,
राजेश्री