अठराव्या होलवरचा वारा

मी, उत्तरेश्वर सुखदेव वाघमोडे, वय ६४, राहणार विश्रांतवाडी, पुणे, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मी संतापलेला आहे, त्याला दाखला लागत नाही.

१. विश्रांतवाडीची दोन खोल्यांची जागा पत्नी मथुराबाई हिला. तिच्या पश्चात मुलगी उत्कर्षा हिला. एकतीस वर्षे गोल्फच्या मैदानावर कॅडी म्हणून खेळाडूंच्या पिशव्या वाहिल्या, नंतर आयटी कंपनीच्या गेटवर पहारा केला, त्यातून ही जागा झाली. भाऊबंदांनी नाक खुपसू नये.

२. बँकेत जे असेल ते मथुराबाईचे. माझ्या दिवसकार्याला त्या मैदानावरचा कोणी साहेब आला तर त्याला चहासुद्धा विचारू नये.

३. कपाटामागे जुन्या धोतरात गुंडाळलेली सात नंबरची स्टिक उत्कर्षाला. ही चोरीची नाही. १९९७च्या स्पर्धेत अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलवर व्यावसायिक खेळाडू सुदर्शन बारटक्के यांनी ती झुडपात फेकली आणि "टाक कुठंतरी ती!" म्हणाले. मी घरी आणून टाकली.

का फेकली तेही लिहितो. ते एका फटक्याने पुढे होते. होलभोवतीची हिरवळ दीडशे यार्डांवर. तेवढ्या अंतराला मी सात नंबर दिली, ती बरोबरच होती. चेंडू पात्याला लागायच्या ऐवजी दांड्याच्या मानेला लागला आणि उजवीकडच्या तळ्यात गेला. मानेवर चेंडूचा पांढरा डाग अजून आहे. तो पुसू नये.

आमच्यात रीत होती. साहेबांचा फटका फसला की कॅडीने मोठ्याने म्हणायचे, "सॉरी साहेब, वारा बघायला चुकलो." साहेबांची इभ्रत राहते, संध्याकाळपर्यंत सगळे विसरतात. मीही म्हणालो. पण त्या वर्षी कॉम्प्युटर कंपनीने स्पर्धा भरवली होती, टीव्हीवाले आले होते. बारटक्के कॅमेऱ्यापुढे म्हणाले, "ऐकलंत ना? माझ्या कॅडीनंच कबूल केलंय." आठवड्यात क्लबने माझा कॅडीचा बिल्ला काढून घेतला. नालायक माणूस! फटका कोणाचाही फसतो, भल्याभल्यांचा फसतो. तो दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला कोडगेपणा लागतो. आणि बांधून घेणारा मी मूर्ख, हेही लिहून ठेवतो.

उत्कर्षा, गेल्या महिन्यात तू फोनवर परदेशातल्या गिऱ्हाइकाला तुझ्या साहेबाच्या चुकीबद्दल "माय मिस्टेक" म्हणालीस. मी ऐकले. ही स्टिक तुझ्या टेबलासमोर टांग. पुन्हा तसे म्हणालीस तर मेलेला असलो तरी येऊन कान धरीन.

४. साक्षीदार. पहिला रंगनाथ, माझ्याबरोबरचा कॅडी. त्या दिवशी पाच पावलांवर होता आणि गप्प राहिला. त्याला काही देत नाही, म्हणूनच तो साक्षीला चालतो, असे वकील म्हणाले. दुसरे स्वतः बारटक्के. हल्ली ते आयटीतल्या साहेबांना गोल्फ शिकवतात. कागद घेऊन मीच जाणार आहे. साक्षीदाराने सही होताना पाहायची असते, मजकूर वाचायची सक्ती नसते. ते वाचणार नाहीतच. हिरवळीचा उतारसुद्धा मीच पाहून सांगायचो. स्वतःच्या चुकीखाली त्यांची सही मला हवी आहे.

पुणे, १२ फेब्रुवारी २००६

उत्तरेश्वर सुखदेव वाघमोडे

वरील सही आमच्यासमोर झाली:

१. रंगनाथ मारुती शेळके

२. सुदर्शन बारटक्के. सगळे वाचून सही केली. त्या दिवशी वारा नव्हता.