बाहेरून कडी

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र कालच मिळालं. वहिनीची पाठदुखी थांबली, वाचून बरं वाटलं. मी ठीक. दुकानात शिवणाचं काम इतकं आहे की मान वर करायला फुरसत नाही.

तू विचारलंस, "रक्ताची माणसं असताना ताईला परक्यांच्या दारात का टाकलंस?"

टाकलं नाही रे. ती तिथे राहायला गेलीय. साधं दुमजली घर, तिच्यासारख्या चौघी, आळीपाळीने येणाऱ्या दोन मदतनीस. ताई पंचेचाळिशीची झाली. तिला घड्याळ कळत नाही, म्हणून तिला काहीच कळत नाही असं आपण लहानपणापासून धरून चाललो.

पहिला आठवडा वाईट गेला, लपवत नाही. ती जेवेना, रडायची. मदतनीस बाई मला म्हणाल्या, "न्यायचं असेल तर आजच न्या. रोज येऊन जीव टांगणीला लावू नका." मी ताईजवळ बसले. म्हटलं, "घरी येतेस?"

तिने विचारलं, "कडी लावशील?"

दादा, हे तुला कधी सांगितलं नाही. आई गेल्यावर दोन वर्षं, कामावर जाताना मी ताईला आत ठेवून बाहेरून कडी लावायचे. नऊ-नऊ तास. ती फोनवर बोटं दुखतात म्हणाली, तेव्हा काय झालं असं तू मला विचारलं होतंस. दारात सापडली, म्हणाले मी. खोटं होतं. दार ओरबाडून नखं उचकटली होती. बोटं मीच धुतली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कडी लावली. तेव्हा तिला तिथे ठेवलं म्हणून लोक काय म्हणतील ते मला कळवू नकोस.

मी म्हटलं, "नाही लावणार. पण मला कामावर जावं लागेल."

ती म्हणाली, "तू जा. मी इथेच." नंतरही रडली, पण राहिली. आता शेंगा सोलते, खोलीतल्या बाईशी खिडकी उघडी ठेवण्यावरून कडाकडा भांडते. परवा तर मला अर्ध्या चहावरून उठवलं, "जा आता, आमचे कपडे वाळत घालायचेत!"

महिनाअखेर येऊन तिला घेऊन जाणार म्हणतोस. ये. आधी तिला विचार, मी समोर नसताना. हो म्हणाली तर मीच तिची बॅग भरीन. नाही म्हणाली, तर थोरला असलास तरी तुला मी दारात अडवीन.

वहिनीला नमस्कार.

तुझी, पण यावेळी आधी तिची,
धाकटी