पाहुण्यांसाठी काढलेले टॅब

बेलायोंग मामा,

तुमची शाळा माझ्यामुळे बंद होतेय. या ओळीपाशी अडून मी दोन पत्रं फाडली.

टॅब वाटले की शिक्षण झालं, असं मानणाऱ्या सरकारला प्रबंधात झोडपायलाच मी गावी पाहणीला आले होते. पण निवडणुकीआधी वाटलेले ते टॅब आपल्या लांबघरातल्या, एकाच छपराखालच्या बावीसही बिऱ्हाडांत पोरांच्या मांडीवर दिसले. मी इमानाने लिहिलं, "वापर शंभर टक्के." मंत्र्याने ते वाक्य विधानसभेत वाचलं आणि विचारलं, मग तिथे मास्तर कशाला?

काल फोनवर आई हसली. "अगं, वापरतंय कोण? फुटले म्हणजे? माळ्यावर आहेत, जुन्या रांजणांशेजारी. पाहुणे आले की पुसून काढतो."

लहानपणी पाहुण्यांसमोर मिरवायला ते वाडवडिलांचे रांजण मीच पुसायचे. तरी मला कळलं नाही.

उद्या मी प्रबंध मागे घेणार आहे. पदवी जाईल, शाळा वाचेलच असंही नाही. ते सगळं तुम्हाला सांगता येईल. पण पाहणीच्या त्या दिवशी माझ्यासाठीही टॅब खाली काढले, मामा. मी पाहुणी कधी झाले, हे कसं विचारू?

तुमची भाची,
लुलोंग